खोबऱ्याच्या जागी केळं

नाक मुरडू नका, मित्रांनो. मी एक जुना पिंजरा आहे, आणि तोही पोपटाचा नव्हे, घुशींचा. पोपटाच्या पिंजऱ्याला लोक खिडकीत टांगतात, येता-जाता त्याच्याशी दोन शब्द बोलतात. मला ठेवतात गटाराच्या कडेला, नाहीतर गाड्या लावायच्या तळघरात, भिंतीला चिकटून. तरी माझी कहाणी ऐका, कारण एकदा मला सरकारी चिठ्ठी बांधून वनखात्याच्या कचेरीत नेलं होतं. तिथे माझी नोंद शिकारीचं साधन म्हणून झाली. आयुष्यभर घुशी धरणाऱ्याला एका सकाळी कोणी शिकारी म्हणालं, तर त्याचं काय होईल? माझ्या तोंडचं पाणीच पळालं.

माझा जन्म बेंगळुरूच्या चामराजपेटेतला. मार्केटच्या मागच्या गल्लीत आप्पाजी नावाचे पत्र्याचं काम करणारे एक म्हातारे कारागीर होते. बादल्या, नरसाळी, देवळाच्या दानपेट्या आणि पिंजरे एवढं ते करत. माझा तळ सागवानी फळीचा, अंग जाड तारेचं, दार तेलाच्या डब्याच्या पत्र्याचं. आप्पाजींची एक पद्धत होती. पिंजरा तयार झाला की ते आपलं बोट उंबऱ्यावर ठेवत आणि वरून दार पाडत. बोटाला कापलं तर दाराची कड पुन्हा घासत, स्प्रिंग सैल करत आणि परत बोट ठेवत. माझ्या वेळेला त्यांनी पाच वेळा बोट ठेवलं. शेजारचा कुलुपवाला हसायचा, घुशीसाठी एवढं कशाला म्हणायचा. आप्पाजी म्हणायचे, ‘‘धरायचं आहे, तोडायचं नाही.’’ त्यांच्या उजव्या हाताची पहिली दोन बोटं कायम निळी असत. मला माझ्या बापाचं तोंड नीट आठवत नाही, पण ती बोटं आठवतात.

मला विकत घेतलं कल्लाप्पानं. कल्लाप्पा मूळचा निपाणीकडच्या एका खेड्यातला. घरात मराठी, बाजारात कन्नड, आणि रागावला की दोन्ही. यशवंतपूरच्या घाऊक बाजारात गुळाच्या आणि धान्याच्या गोदामावर तो राखणदार होता. बायको भागुबाई गावाकडे सासू-सासऱ्यांपाशी राहिली होती. दर वर्षी ‘‘पुढच्या वर्षी तुला आणतो’’ असं तो फोनवर सांगे आणि दर वर्षी काहीतरी आडवं येई. बावीस वर्षं असंच चाललं. गोदामात त्याच्या सोबतीला मी होतो, म्हणून हे मला ठाऊक.

आता थोडी माझ्या मालकाची स्तुती करतो. मला राहवत नाही. मित्रांनो, घूस धरणं हे सोपं काम नाही. घूस मोठी संशयी. ती भिंतीच्या कडेनं चालते, मोकळ्या जागेतून नाही. कल्लाप्पा संध्याकाळी भिंतीलगत पीठ भुरभुरून ठेवी आणि सकाळी पावलं वाचून सांगे, ही एक आहे की दोन, लहान की जुनी. मग मला चिंचेच्या पाण्यानं धुई, उन्हात वाळवी, खोबऱ्याचा तुकडा विस्तवावर करपवून माझ्या आकड्याला लावी. आणि त्याचा एक नेम होता, तो त्यानं तापातही मोडला नाही. अंगावर ऊन यायच्या आत पिंजरा बघायचा. ‘‘आत कोण का असंना,’’ तो म्हणे, ‘‘तहानेनं मरू नये.’’ धरलेल्या घुशींचं पुढे काय होई ते तुम्ही मोठे झालात की समजेल; काम होतं, ते तो झटकन आणि हाल न करता उरकी. त्यावर कधी फुशारकी मारत नसे.

त्या दिवसांत माझा मान होता. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेला, तराजू, हातगाड्या आणि वजनं यांच्या रांगेत मलाही हळद-कुंकू लागे, झेंडूचं फूल मिळे. शेटजी स्वतः म्हणत, या पिंजऱ्यानं माझी कितीतरी पोती वाचवली. मी फुगून जायचो. फुगायला माझ्यात जागा भरपूर.

याच गोदामात कल्लाप्पाला कायदा भेटला. तिथल्या एका हमालानं पोत्यांमागे निघालेली धामण काठीनं ठेचली. वनखात्याची माणसं आली आणि हमालाला घेऊन गेली. धामण उंदीर खाते, कुणाला चावून मारत नाही, आणि तिला मारणं गुन्हा आहे, हे त्या दिवशी सगळ्या गोदामाला कळलं. बाकीचे चार दिवस बोलले आणि विसरले. कल्लाप्पा मात्र सुट्टीच्या दिवशी कचेरीत गेला, साहेबांना विचारून विचारून एक कागद लिहून आणला आणि आपल्या पेटीच्या झाकणाला आतून डकवला. त्यात लिहिलं होतं, की घरात-गोदामात उंदीर-घूस धरायला हरकत नाही. पण साप, मुंगूस, घोरपड, उदमांजर यांना आपल्या अंगणातसुद्धा हात लावायचा नाही, फोन करायचा. मारणं म्हणजेच शिकार नव्हे. सापळा लावून धरणं हीसुद्धा शिकारच, आणि धरून गुपचूप दुसरीकडे नेऊन सोडणं हेही त्यातच आलं. खाली वनखात्याचा फोन नंबर. ‘‘जागा आपली म्हणून जनावर आपलं होत नाही,’’ असं त्यानं त्या दिवशी मला सांगितलं. तो माझ्याशी बोलत असे. दुसरं होतं कोण?

पुढे गोदाम नव्या मालकाकडे गेलं. त्यांनी कोपऱ्या-कोपऱ्यांत विषाच्या वड्या टाकल्या आणि राखणदाराच्या जागी कॅमेरे लावले. मी रिकाम्या पोत्यांखाली पडलो, अंगावर गंज चढला. नोकरी सुटून कल्लाप्पा निघाला तेव्हा एका हातात पेटी होती आणि दुसऱ्या हातात मी. मला टाकून गेला असता तर कुणी त्याला बोल लावला नसता. पण नाही टाकलं.

के. आर. पुरमला तलावाच्या कडेला चार इमारतींची एक सोसायटी आहे. तिथे कल्लाप्पाला देखभालीचं काम मिळालं. पाणी सोडायचं, मोटर बघायची, आणि घुशींचा बंदोबस्त करायचा. कामासोबत पंपाच्या खोलीला लागून एक छोटी खोलीही मिळाली. दारात एका पर्जन्यवृक्षाची मोठी सावली. कल्लाप्पानं त्या रात्री गावाला फोन केला. भागुबाईचे सासू-सासरे आता राहिले नव्हते. ‘‘या वर्षी खरंच येऊन जा,’’ तो म्हणाला, ‘‘म्हणजे जाऊ नको. राहायलाच ये.’’

सोसायटीत पुण्या-मुंबईचे, नागपूरचे बरेच लोक होते. गाड्यांच्या वायरी घुशी कुरतडत, म्हणून सगळे हैराण. मी जिन्याजिन्यांतून उसना जाऊ लागलो. आणि इथे कल्लाप्पानं आपल्या घरची एक रीत सुरू केली. त्यांच्यात उसनं आणलेलं भांडं रिकामं परत करत नाहीत. मग पिंजरा तरी रिकामा का यावा? ज्यानं नेला त्यानं परत करताना आत खोबऱ्याचा एक तुकडा टाकायचा, पुढच्याच्या कामाला. लोकांना गंमत वाटली. थोड्याच दिवसांत सगळी सोसायटी ती रीत पाळू लागली. दार बंद, आकडा मोकळा, आणि तळाला खोबऱ्याचा तुकडा, अशा थाटात मी घरी येई. आकडा मोकळा ठेवायचा हे कल्लाप्पानं कधी कुणाला शब्दांत सांगितलं नव्हतं. त्याला वाटलं, हे काय सांगायचं. चूक म्हणाल तर इतकीच.

स्मिता तळमजल्यावर राहायची. पुण्याची, संगणकाच्या कंपनीत नोकरी, दोन महिन्यांपूर्वीच आलेली. तिच्या बागेत घुशीनं बीळ केलं होतं. कल्लाप्पानं तिला सगळं शिकवलं, पीठ भुरभुरण्यापासून. ती मन लावून शिकली. तिसऱ्या दिवशी घूस धरली गेली, तेव्हा तिनं कंपनीतल्या सगळ्यांना त्याचा फोटो पाठवला. मला शिक्षण देणारी नव्हे, माझ्याकडून शिकणारी माणसं मला आवडतात. ती मला आवडली.

एका शनिवारी संध्याकाळी ती मला परत करायला आली. कल्लाप्पा नव्हता. भागुबाईची गाडी रविवारी पहाटे यशवंतपूरला यायची होती, म्हणून तो आदल्या दिवशीच गोदामातल्या जुन्या सोबत्यांकडे मुक्कामाला गेला होता. खोलीला कुलूप. स्मिताला रीत ठाऊक होती, पण घरात खोबरं नव्हतं. तिनं फळांच्या टोपलीतून एक पिकलेलं येलक्की केळं आणलं होतं, इथलं ते लहान, वासाचं केळं. आणि नुसतं टाकून द्यायचं तर तिला बरं वाटेना. कल्लाप्पा अण्णांनी एवढं शिकवलं, तर आपण पिंजरा अगदी तयार करून द्यावा. तिनं केळं माझ्या आकड्याला नीट लावलं, दार वर उचलून अडकवलं आणि मला झाडाखाली ठेवलं. दोन पावलं मागे जाऊन समाधानानं पाहिलं आणि गेली. मित्रांनो, मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. घूस केळ्याकडे ढुंकूनही बघेल न बघेल. पण त्या झाडावर केळ्यासाठी जीव टाकणारं एक कुटुंब राहत होतं.

रात्री झाडावरून एक उदमांजराचं पिल्लू उतरलं. मांजराच्या पिलापेक्षा थोडं मोठं, डोळ्यांभोवती काळं, शेपूट अंगाएवढं लांब. ते आत आलं आणि मी दार पाडलं. मला दुसरं येतच नाही. दार पडताना शेपटाचं टोक उंबऱ्यावर होतं. ते त्यानं आत ओढून घेतलं. कापलं नव्हतं. मला आप्पाजींची निळी बोटं आठवली. त्याची आई पहाटेपर्यंत माझ्याभोवती फिरत होती, तारा चावत होती. उजाडलं तशी ती झाडावर गेली.

सकाळी आठ-साडेआठला ऊन झाडाखालून सरकत माझ्यावर आलं. पत्रा तापू लागला. पिल्लू तोंड उघडून धापा टाकत होतं आणि बघणारा कल्लाप्पा बावीस वर्षांत पहिल्यांदाच जागेवर नव्हता. तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी अरविंद फिरायला निघाले होते, ते थबकले. हे नागपूरचे गृहस्थ. वाईट नाहीत, पण सोसायटीचं नाव म्हटलं की त्यांचा जीव खालीवर होतो. शिवाय गेला महिनाभर ते घुशी चिकटून बसाव्यात म्हणून डिंकाच्या चिकट पाट्या लावणाऱ्या एका कंपनीशी बोलत होते. कल्लाप्पानं त्या पाट्यांना नकार दिला होता. ‘‘त्याच्यावर खारी चिकटतात, चिमण्या चिकटतात, दोन-दोन दिवस तडफडतात सार,’’ तो म्हणाला होता, ‘‘असं हाल करून मारायला परवानगी न्हाई.’’ तेव्हापासून अरविंदांच्या मनात थोडी अढी होतीच.

त्यांनी स्मिताला बोलावलं, कारण पिंजरा शेवटी तिनं नेला होता. ती आली, माझ्यात बघितलं आणि पांढरीफटक पडली. आकड्याला केळ्याची साल लोंबत होती.

याच वेळी फाटकाशी रिक्षा थांबली. कल्लाप्पा उतरला, मग भागुबाई, मग तिची काळी लोखंडी ट्रंक. ट्रंकेला काथ्याची दोरी करकचून बांधलेली. गावचं घर बंद करून, किल्ली दिराकडे देऊन बाई आली होती. तिनं अजून खोलीचा उंबरा ओलांडला नव्हता.

कल्लाप्पानं एका नजरेत सगळं ओळखलं. खांद्यावरचा टॉवेल ओला केला आणि माझ्यावर पसरला, मला उचलून सावलीत नेलं, तारांतून वाटीभर पाणी सरकवलं. हे सगळं इतक्या हलक्या हातानं की पिल्लू दचकलंसुद्धा नाही.

‘‘अण्णा, मीच…’’ स्मिता म्हणाली.

‘‘आधी जनावर, अक्का. मग आपण.’’ त्यानं खिशातून फोन काढला.

‘‘थांब,’’ अरविंद म्हणाले. ‘‘कोणाला लावून राहिला तू?’’

‘‘वनखात्याला सार. पुनुगु बेक्कु हाय हे, उदमांजर. कायद्यातलं जनावर.’’

‘‘अरे, मांजराएवढं तर आहे. पोत्यात घाल अन् तलावापलीकडे सोडून दे. कोणाला समजत नाही. फोन केला तर पंचनामा होईल, पेपरात सोसायटीचं नाव येईल.’’

‘‘तिकडं सोडलं तर आईला सापडायचं न्हाई. आणि उचलून न्यायचीबी परवानगी न्हाई आपल्याला.’’

अरविंदांचा आवाज चढला. ‘‘हे बघ कल्लाप्पा. पिंजरा तुझा. तुझ्यावर केस झाली तर कमिटी तुला ठेवू शकणार नाही. नोकरीही नाही अन् ही खोलीही नाही. समजतंय ना काय बोलतोय ते?’’

भागुबाई ट्रंकेवर हात ठेवून उभी होती. कल्लाप्पानं तिच्याकडे पाहिलं. नंबर बघायला त्यानं पेटी उघडली नाही. तो त्याला पाठ होता. फोन लागताच त्यानं जनावराचं नाव आणि सोसायटीचा पत्ता स्पष्ट सांगितला.

फोन झाल्यावर स्मिता हळूच त्याच्याजवळ आली. ‘‘अण्णा, पुढच्या महिन्यात मला कंपनी बाहेरदेशी पाठवणार आहे. पोलीस व्हेरिफिकेशन चालू आहे. आता केस झाली तर… मला खूप भीती वाटतीये.’’

‘‘असू दे की अक्का,’’ कल्लाप्पा म्हणाला. ‘‘बघू की.’’

पाऊण तासानं वनखात्याचे रविकिरण आले. तिशीतला शांत माणूस, हातमोजे, खांद्याला झोळी. त्यांना मराठी येत नव्हतं, हिंदी-इंग्रजी जेमतेम, आणि स्मिताला कन्नड येत नव्हतं. त्यांनी टॉवेल वर करून पिल्लू बघितलं, मग माझ्या दाराच्या कडेवरून अंगठा फिरवला, पुन्हा पिलाचं शेपूट बघितलं आणि मान हलवली. मग उठून वही काढली आणि विचारलं, ‘‘यारु इट्टिद्दु?’’

‘‘नाने सार,’’ कल्लाप्पा म्हणाला.

रविकिरण लिहू लागले. स्मितानं विचारलं, ‘‘काय म्हणाले ते?’’

‘‘काही न्हाई अक्का. नाव विचारलं.’’

मित्रांनो, मी साधा पिंजरा. माझ्या आतलं जे काही आहे ते तारांतून सगळ्यांना दिसतं. माणसाच्या आत काय असतं ते मला त्या क्षणी पहिल्यांदा दिसलं. बावीस वर्षांनी बायको आली होती, अजून दारात उभी होती, आणि हा माणूस दोन शब्दांत सगळं देऊन मोकळा झाला होता. मला त्याचा अभिमान वाटला आणि रागही आला.

भागुबाई पुढे आली. निपाणीच्या बाजारामुळे कन्नड तिलाही कळत होतं. आवाज अजिबात चढवला नाही. ‘‘बाई, नाव न्हाई विचारलं त्यांनी,’’ ती स्मिताला म्हणाली. ‘‘पिंजरा कुणी लावला, असं विचारलं. ह्यांनी ‘मीच’ म्हणून सांगितलं. तुम्ही काय करावं ते मी सांगत न्हाई. पण तुम्हाला कळू दे, म्हणून सांगितलं.’’

‘‘भागू,’’ कल्लाप्पा म्हणाला.

‘‘खोटं बोलले का मी?’’

स्मितानं माझ्या आकड्यावरच्या सालीकडे पाहिलं. मग वळली आणि भराभर आपल्या घराकडे चालू लागली. अरविंदांनी सुस्कारा सोडला. मला वाटलं, गेली. घरात जाऊन दार लावून घेईल. दार लावणं मला कळतं, त्यात चूक काढायला मी कोण.

पण ती परत आली. हातात येलक्की केळ्यांची फणी, एक केळं तोडलेली. ती रविकिरणांसमोर गेली, फणीतली रिकामी जागा दाखवली, माझ्या आकड्यावरची साल दाखवली आणि स्वतःच्या छातीवर हात ठेवून कल्लाप्पाचेच दोन शब्द बोलली. ‘‘नाने सार.’’ तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मग मराठीत म्हणाली, ‘‘अण्णा, बाकीचं सगळं त्यांना सांगा. खरंखरं सांगा. काही गाळू नका.’’

कल्लाप्पाला सांगावं लागलं. उसन्या भांड्याची रीत, खोबरं, खोबऱ्याच्या जागी केळं, तयार करून देण्याची हौस, सगळं. रविकिरण ऐकत राहिले. आकडा मोकळा ठेवायचं आपण कधी सांगितलं नाही, हेही कल्लाप्पानं सांगितलं. तेवढी आपली चूक त्यानं सोडली नाही. शेवटी रविकिरण भागुबाईला काहीतरी विचारून जरासे हसले, आणि मग लगेच गंभीर झाले. दोघांची नावं, दोघांचं म्हणणं लिहिलं. ‘‘मी लिहून देतो, ठरवणार साहेब,’’ त्यांनी सांगितलं आणि कल्लाप्पानं ते मराठीत आणलं. ‘‘पिल्लू बरं आहे. आई इथंच आहे. संध्याकाळी इथंच सोडायचं. पिंजरा मात्र न्यावा लागेल.’’

दिवसभर पिल्लू पंपाच्या खोलीत टोपलीत होतं. संध्याकाळी दिवे लागायच्या वेळेला रविकिरणांनी टोपली झाडाच्या बुंध्याशी ठेवली आणि सगळ्यांना लांब उभं केलं. अरविंदही होते. वरून आई उतरली. पिलाला मानेशी हुंगलं, आणि दोघं खोडावरून वर गेली. स्मितानं भागुबाईचा हात धरला होता.

मला दोरीनं बांधून, चिठ्ठी लावून नेलं. सव्वीस दिवस मी कचेरीच्या कपाटावर होतो. माझ्या शेजारी काय काय होतं म्हणून सांगू? लोखंडी जबड्यांचे सापळे, तारांचे फास, रानडुकरासाठी लावलेली जाळी. एकाच्याही कडेवर कुणी आपलं बोट ठेवून पाहिलेलं नव्हतं. त्यांच्यात बसून मला लाज वाटे. पण खरं सांगायचं तर त्या पिलाला मी आणि ते सगळे सारखेच. आपण चांगले म्हणून आपलं दार उघडत नाही.

सोसायटीत काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. निकालाचा कागद येईपर्यंत कल्लाप्पानं काम करावं, मग बघू, असं कमिटीनं ठरवलं. भागुबाई खोलीत राहायला आली, पण ट्रंकेची दोरी तिनं सोडली नाही. स्टोव्ह, एक पातेलं आणि दोन ताटल्या शेजारून मागून घेतल्या. दोन लुगडी पिशवीत होती, तीच आलटूनपालटून नेसायची. ‘‘उघडायची आणि परत बांधायची, दोन-दोन कामं कशाला,’’ असं म्हणायची. स्मिता रोज संध्याकाळी यायची, त्या ट्रंकेकडे बघायची आणि काही न खाता जायची. तिनं कंपनीत सगळं सांगून टाकलं होतं. तिचं बाहेर जाणं पुढे ढकललं गेलं.

सत्ताविसाव्या दिवशी रविकिरण मोटारसायकलच्या मागे मला बांधून घेऊन आले. माझं दार बंद होतं, आकडा मोकळा होता. आत तळाला कागदाची एक सुरळी होती आणि खोबऱ्याचा एक तुकडा. पिल्लू सापडलं त्या सकाळी त्यांनी भागुबाईला हीच रीत विचारून घेतली होती.

कल्लाप्पानं सुरळी उलगडली. साहेबांचा मजकूर इंग्रजीत होता, म्हणून त्यानं ती अरविंदांकडे दिली. अरविंदांनी चष्मा लावून वाचली, स्वतःशी एकदा आणि मोठ्यानं एकदा. मुद्दाम केलेलं कृत्य नव्हे, जनावराला इजा नाही, ताबडतोब कळवलं, लपवलं नाही. दोघांना लेखी समज देऊन प्रकरण बंद. अरविंदांनी कागद पुन्हा गुंडाळून कल्लाप्पाच्या हातात दिला. मग म्हणाले, ‘‘त्या दिवशी तुझ्या हातात मी पोतं देत होतो, कल्लाप्पा. तू घेतलं असतं, तर आज गुन्ह्याचा कागद आपल्या सगळ्यांवर निघाला असता.’’ चिकट पाट्यांची गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही. पेटीच्या झाकणावरच्या कागदातला मजकूर आता चारही लिफ्टमध्ये लागला आहे, मराठीत, कन्नडमध्ये, हिंदीत आणि इंग्रजीत. मराठी अक्षर स्मिताचं.

कागद वाचून झाला तशी भागुबाई आत गेली. आम्ही सगळे बाहेर होतो. आतून दोरी सुटल्याचा, मग कडी निघाल्याचा, मग झाकण भिंतीला टेकल्याचा आवाज आला. पाठोपाठ तवा, उलथणं, पितळी डबे एकेक करून जमिनीवर ठेवल्याचे आवाज येत राहिले. कल्लाप्पा दाराकडे पाठ करून उभा होता. त्यानं टॉवेलनं तोंड पुसलं आणि मला धुवायला घेतलं, चिंचेच्या पाण्यानं, आधी दाराची कड.

मी आता म्हातारा झालो आहे. माझ्या दोन तारा सैल आहेत, पत्र्याला भोक पडत आलं आहे. तरी अजून उसना जातो. जाताना माझं दार मिटून त्याला भागुबाईच्या जुन्या लुगड्याच्या काठाची पट्टी बांधलेली असते, आणि येताना ती पुन्हा बांधूनच द्यायची असते. खोबरं वेगळ्या पुडीत. दार बंद, आकडा मोकळा, हे कल्लाप्पा आता प्रत्येकाला शब्दांत सांगतो, हसतील तर हसू दे म्हणून. संध्याकाळी कधीकधी ते पिल्लू, आता चांगलं थोराड झालेलं, भिंतीवरून जाताना माझ्यापाशी थांबतं, हुंगतं आणि पुढे जातं. मी दार मिटून गप्प असतो.

मित्रांनो, तुमच्या घरी पिंजरा असेल तर त्याला गंजू देऊ नका, आणि विसरू तर मुळीच नका. लावलात तर ऊन यायच्या आत बघा. आत भलतंच कुणी सापडलं, तर लपवू नका. फोन करा आणि विचारतील तेव्हा खरं सांगा. आप्पाजींनी मला दार पाडायला शिकवलं, उघडायला नाही. ते तुमच्यावर सोडलं आहे.